आज 88वं स्तोत्र

बुधवार, रात्री साडेदहा

स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधली 150 स्तोत्रं, हातात घेतली तेव्हा ठरवलं होतं, रोज एक स्तोत्र, सकाळी मुलाचा डबा भरायच्या आधी. हिशेबाने 150 दिवस. मध्ये अकरा खाडे पडले. चार तापाचे, दोन लग्नाचे, बाकीचे निव्वळ आळसाचे. पण खाडा भरून काढायचा नाही, हे पाळलं. मागे एकदा त्या नादात एका रात्रीत सात स्तोत्रं वाचली आणि पुढे दोन महिने पुस्तकाला हात लावला नाही.

लहानपणी नगरला आजीकडे दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना असायची. चटई अंथरायची, एक गीत, बहुधा रेव्हरंड टिळकांचं, मग शास्त्रपाठ, मग आजीची प्रार्थना. ती इतकी लांबायची की आम्ही पोरं एक डोळा किलकिला करून भाताच्या पातेल्याकडे बघायचो. आजी नावं घ्यायची. मुलं, सुना, जावई, चर्चचे पाळकसाहेब, शेवटी शेजारणीची आजारी म्हैससुद्धा. देवाला एवढी यादी कशाला, त्याला काय माहीत नाही? असं मी एकदा विचारलंही होतं. आजीने उत्तर दिलं नाही, भात वाढला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू हेच सांगतो, की मागण्यापूर्वीच पित्याला आपली गरज ठाऊक असते. आणि लगेच पुढच्याच वचनात प्रार्थना शिकवायला घेतो! ही दोन वचनं एकमेकांना इतकी खेटून आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर दिसलं. तोंडपाठ असलेलं नीट वाचलं जात नाही, दुसरं काय.

माझे स्वतःचे शब्द चार मिनिटांत संपतात. प्रभू, आशीर्वाद दे, सांभाळ, वाट दाखव. पाचव्या मिनिटाला गॅस सिलिंडर आठवतो. स्तोत्रं हाती घेतली ती म्हणूनच, उसने शब्द म्हणून. आणि ते शब्द माझ्यापेक्षा फार धीट निघाले. 13व्यात स्तोत्रकर्ता देवाला 'कोठवर, कोठवर' असं विचारत सुटतो. आमच्या प्रार्थनासभेत कुणी असं बोललं तर चहाच्या वेळी कुजबुज होईल.

तरी बहुतेक गाऱ्हाणी शेवटी वळतात, स्तुतीवर येतात. आजचं वळलंच नाही. जिवलग दूर गेले, आणि अंधार. संपलं. मी पान उलटून पाहिलं, काही राहिलं का म्हणून.

भावाला माझ्याशी बोलून दोन वर्षं झाली. आईच्या घराच्या वाटणीवरून. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करते, असं मी लोकांना सांगते. खरं तर मी देवाकडे त्याची तक्रार करत होते. त्याला समज दे, त्याचं मन पालट. माझं मन त्या यादीत कधी नव्हतंच. आज अंधारावर स्तोत्र संपलं आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. मग नुसतं त्याचं नाव घेतलं, घरात हाक मारायचो ते. दोनदा. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

उद्या 89वं. चांगली 52 वचनं आहेत. पोळ्या आधी लाटून ठेवाव्या लागतील.