मनगटावरची उधारी

समुद्रात बुडी मारताना मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा बेत मी घरात सांगितला, तेव्हा आत्याने किंमत विचारलीच नाही. "अरे, घड्याळ आहे ना तुझ्याकडे?" एवढंच म्हणाली. आहे की. पण ते किती वाजले हे सांगतं, आणि हे यंत्र पाण्याखाली आहोत तितक्या खोलवर अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगतं. "म्हणजे चित्रगुप्तच की," असं म्हणून ती पोह्यांकडे वळली. दुकानदाराने तासभर समजावूनही मला जे नीट उमगलं नव्हतं, ते तिने फोडणी करपायच्या आत सांगून टाकलं.

खारं पाणी दर १० मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढवतं. म्हणजे १८ मीटरवर आपल्यावर २.८ पट दाब असतो, आणि टाकीतली हवाही तेवढ्याच दाबाने छातीत शिरते. त्यातला ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजनचं त्याला काहीच काम नसतं, म्हणून तो रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळून बसतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे जशी उधारी चढते तसंच हे. रक्त आणि मेंदू रोख गिऱ्हाइकासारखे, चटकन घेतात आणि चटकन फेडतात. सांधे आणि चरबी मात्र सावकाश घेतात आणि मग रात्रभर फेडत बसतात. घाईने वर आलो तर फेडायला वेळ मिळत नाही, उरलेल्या वायूचे अंगातच बुडबुडे होतात. ही वही दर काही सेकंदांनी लिहीत राहणं, एवढंच कॉम्प्युटरचं काम.

ही वही पहिल्यांदा मांडली गेली ती बकऱ्यांच्या जिवावर. ब्रिटिश नौदलासाठी जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांना दाबाच्या टाकीत बसवलं, वेगवेगळ्या गतीने बाहेर काढलं आणि बघत राहिले. ज्या बकरीचा सांधा दुखे ती पुढचा पाय उचलून धरी. १९०८मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, त्यात वेगवेगळ्या वेगाने नायट्रोजन घेणारे शरीराचे पाच काल्पनिक कप्पे होते. सगळ्यात चपळ कप्पा ५ मिनिटांत निम्मा भरणारा, सगळ्यात सुस्त ७५ मिनिटांत. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरांनी कप्पे सोळावर नेले, आणि त्यांच्या सुस्त कप्प्याला निम्मं भरायला ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तास लागतात. त्यांनी सगळे आकडे उघडपणे छापले. कोणीही घ्यावेत, कोणीही वापरावेत.

मध्यम बजेटवाल्याने ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. गणित फुकट आहे. वीस-पंचवीस हजारांच्या यंत्रात आणि लाखाच्या घड्याळात जे कप्पे भरतात-रिकामे होतात, त्यांच्यात किमतीएवढा फरक मुळीच नाही. वरचे पैसे जातात काचेला, रंगीत पडद्याला, टाकीतली हवा मनगटावर दाखवणाऱ्या बिनतारी ट्रान्समीटरला, आणि जेवायला जाताना हातात शोभून दिसावं म्हणून घडवलेल्या कवचाला. माझं स्पष्ट मत, ट्रान्समीटर पहिला वगळावा. टाकीची हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरच्या नळीला दाब दाखवणारा पितळी गेज लटकलेला असतोच, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

काचेबद्दल मात्र मी इतका कठोर नाही, कारण मला चाळिशी लागली आहे. मास्कमधून पाहताना पाणी वस्तू एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी दाखवतं. ऐकायला बरं वाटतं, पण चाळिशीवाल्याचं दुखणं जवळच्याचंच असतं. हात लांब करून आकडे वाचायचे, तर मालवणच्या गढूळ दिवसात हाताच्या टोकाशीच धुकं सुरू होतं. शेअरवॉटर पेरेग्रिन या कॉम्प्युटरसारखा स्वतःच्या उजेडाने चमकणारा रंगीत पडदा अशा वेळी खरोखर सुखाचा, पण त्याला पन्नास हजारांच्या आसपास मोजावे लागतात. त्याहून स्वस्तात क्रेसी लिओनार्दो, मारेस पक, सून्टो झूप ही मंडळी. पडदा राखाडी, आकडे ठसठशीत, रूप कॅल्क्युलेटरचं. दुकानात काचेच्या कपाटाजवळ उभं राहून रंगीत बघितला की राखाडी केविलवाणा दिसतो. म्हणून दुकानदाराला दोन्ही बाहेर काढायला सांगावेत, चष्मा खिशात ठेवावा आणि दारातल्या उन्हात जाऊन वाचून बघावेत. उन्हात राखाडी आकडे चांगलेच धीट होतात.

बटणांचीही परीक्षा घ्यावी. सोफ्यावर बसून चार बटणांचा मेनू पाठ होतो. ३० मीटरवर नायट्रोजनची थोडी झिंग चढते आणि माणूस उगीचच स्वतःवर खूश असतो, तेव्हा तोच मेनू परक्या गावचा वाटतो. लिओनार्दोला एकच बटण आहे. घरी सेटिंग करताना ते दाबून दाबून अंगठा दुखतो, पण पाण्यात चुकीचं बटण दाबण्याची सोयच ठेवलेली नाही, हे मला पटलं. त्यात गोल, नाण्यासारखी बॅटरी पडते आणि ती आपली आपल्याला बदलता येते. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला निघालेल्या बोटीवर चार्जर शोधणाऱ्यांचे चेहरे ज्याने पाहिले आहेत, त्याला या नाण्याची किंमत कळते. बदलताना पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, केस किंवा वाळूचा कण राहू देऊ नये, बस्स.

"पण भाड्याने मिळतो की," असं हिशेबी मित्र म्हणतात. मिळतो. बरेच जण तर डाइव्ह मास्टरच्या, म्हणजे पाण्यातल्या वाटाड्याच्या, मागे मागे जाऊन भागवतात. मात्र वही ज्याची त्याची असते. मास्टर वर तरंगत असताना आपण एखाद्या मोरे ईल या सापासारख्या माशाच्या बिळात डोकावायला चार मीटर खाली गेलो, तर ती उधारी आपल्याच नावावर चढते. आणि सकाळी एक भाड्याचा, दुपारी दुसरा हाती आला, तर दुपारच्याला वाटतं की गडी आत्ताच कोरडा येऊन उतरतोय. छापील तक्तेही आहेत, ते मीही शिकलो. डाइव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरला जास्तीत जास्त ५६ मिनिटं, ३० मीटरला २०. पण तक्ता धरून चालतो की सगळा वेळ आपण तळाशीच होतो. कॉम्प्युटर वर-खाली झालेलं सगळं मोजतो, आणि तिथेच त्याचे पैसे वसूल होतात.

स्वभाव हा आणखी एक भाग. गणित जवळपास तेच असलं तरी कंपन्या त्यावर आपापली भीती चढवतात. सून्टोची ख्याती काटकसरी मुनीमजींची. पहिल्या डाइव्हला त्याचं वेगळेपण फारसं जाणवत नाही. दिवसाच्या तिसऱ्या डाइव्हला मात्र जोडीदाराकडे तेरा मिनिटं शिल्लक असताना तो आपल्याला सात दाखवतो. जोडीने उतरायचं तर ज्याची मिनिटं कमी त्याचं ऐकायचं, हा नियम. म्हणजे आपली खरेदी जोडीदाराचाही वेळ ठरवते. काही यंत्रांत ही भीती कमी-जास्त करता येते. पेरेग्रिनमध्ये मध्यम पातळीला ४०/८५ असे आकडे दिसतात, आकडे जितके लहान तितकं यंत्र भित्रं. तरुण मुलं ते आकडे सैल करायला बघतात. माझं वय, माझं पोट आणि चरबीचे सुस्त कप्पे लक्षात घेता मला मुनीमजींसारखी काटकसरच बरी.

नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची, सोय हवीच, आणि आता ती स्वस्तातल्या यंत्रांतही असते. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण घेतलं की नायट्रोजन कमी चढतो, पण ३३-३४ मीटरखाली तोच ऑक्सिजन अंगावर येऊ शकतो. ही मर्यादा यंत्र मोजतं, मात्र टाकीतला टक्का आपण त्याला सांगावा लागतो.

शेवटी मी एका बटणाचा राखाडी घेतला आणि उरलेले पैसे नेत्राणीसाठी ठेवले. एक खर्च मात्र आत्याच्या चित्रगुप्ताने वाढवला. डाइव्ह संपला की पडद्यावर विमानाचं छोटं चित्र येतं, आणि ते जाईपर्यंत उडायचं नाही, कारण उंचावर हवेचा दाब कमी आणि उधारी अजून फिटायची असते. सर्वसाधारण सल्ला असा, की एकच डाइव्ह असेल तर १२ तास आणि अनेक असतील तर १८ तास थांबावं. अंदमानातून परतणाऱ्यांना हे ठाऊक असतं. आपण मालवणवाले गाडीने येतो, म्हणून निर्धास्त. पण विमानाबद्दलचे हे सल्ले ६०० मीटर उंचीच्या हवेपासूनच लागू होतात, आणि सावंतवाडीहून चढलं की आंबोली ७०० मीटरच्या जवळ जाते. पुणंसुद्धा ५६० मीटरवर आहे. यंत्राच्या पडद्यावर विमान आहे, घाट नाही. त्यामुळे दुपारी शेवटचा डाइव्ह करून रात्रीच घाट चढायचा बेत आम्ही सोडून दिला. मालवणात आणखी एक मुक्काम, रात्री सुरमईचं ताट, सकाळी पुन्हा घावणे. कॉम्प्युटरचं बजेट मांडताना हेही त्यात धरावं. आम्ही धरतो, आणि ऑफिसात सोमवारची रजा वैद्यकीय कारणासाठी म्हणून टाकतो.