८७ मतं

रॉबर्ट कॅरोने लिहिलेलं लिंडन जॉन्सनचं, म्हणजे अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचं, चरित्र परत हातात घेतलंय. पहिला खंड १९८२ चा, चौथा २०१२ चा, म्हणजे चार खंडांना तीस वर्षं, धन्य आहे बाबा. मला सगळ्यात आवडतो तो १९४८ च्या सिनेट प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा भाग. टेक्सासमध्ये जवळपास दहा लाख मतं पडली आणि जॉन्सन जिंकला फक्त ८७ मतांनी, तेही मतदान होऊन सहा दिवस झाल्यावर अॅलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीतून अचानक दोनशेच्या आसपास मतं निघाली म्हणून, आणि यादीतली ती नावं एकाच शाईत, वर ओळीने अल्फाबेटिकल! म्हणजे लोक रांगेत पण आद्याक्षराप्रमाणे उभे होते की काय 😄

बरं, माणूस नुसता लबाड म्हणून सोडून द्यावा तर तसंही नाही. टेक्सासच्या हिल कंट्री भागात वीज नव्हती तेव्हा बायका विहिरीतून बादल्या ओढायच्या, ऐन उन्हाळ्यात चुलीपाशी उभं राहून जड लोखंडी इस्त्र्या तापवायच्या, हे कॅरोने इतकं जवळून लिहिलंय की वाचताना आपलेच हात दुखतात, आणि तिथे वीज आणली ती ह्याच जॉन्सनने.

तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला सिनेटचा लांबलचक इतिहास आहे, तिथे मात्र मी दोनदा झोपलो.