बारा व्होल्टवरचा गंधार

पिकअपचं अंग रेड्याचं आणि आवाज करडाचा. पाठीवर दीड टन टोमॅटो घेऊन नारायणगावहून निघालेली गाडी माळशेजच्या धुक्यात शिरते आणि वळणावर बारीक 'में' करते. समोरच्याला वाटतं, स्कूटर येतेय. तो निवांत आपल्या चुकीच्या बाजूने येत राहतो.

अशा गाडीला नवा हॉर्न हवा, हे सगळ्यांना पटतं. जुना का कण्हत होता, हे कुणी विचारत नाही. खरं तर आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, इंजिन चालू करावं, एकाला हॉर्न दाबून धरायला सांगावं आणि हॉर्नच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते पाहावं. आकडा जरा नाचतो, नाचू द्या. बॅटरीवर १४ आणि हॉर्नवर १० असेल, तर चार व्होल्ट वाटेतच कुणीतरी खाल्ले. मग मीटरचं एक टोक हॉर्नच्या अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह टोकाला), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हॉर्न वाजत असताना इथे ०.२–०.३ व्होल्टच्या वर दिसलं, की चोर सापडला: गंजलेला अर्थ. तो बोल्ट काढून खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, स्टार वॉशर घालून परत आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली, तर बरेचसे 'मेलेले' हॉर्न तिथल्या तिथे बोलायला लागतात. दुकानदाराला हे आवडत नाही.

तरीही नवी जोडी लावायचीच, असं ठरलं असेल तर खोके नीट वाचा. एकावर 'एल' असतं, दुसऱ्यावर 'एच'. खालचा सूर साधारण ४०० हर्ट्झचा, वरचा ५००चा. चारास पाच हे प्रमाण गाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तो षड्ज आणि शुद्ध गंधार. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडता उमटणारा जो स्वयंभू गंधार, त्याचंच हे बाजारी भावंड. म्हणून जोडी कानाला भरीव लागते. घाईत दोन्ही 'एल' उचलले, तर ते कधीच तंतोतंत एका सुरात नसतात. एक ४००चा, दुसरा ४०५चा निघाला की आवाज सेकंदाला पाचदा हिंदकळतो. आणि दोनाचे चार केल्याने दुप्पट ऐकू येईल, हा भ्रम काढून टाका. ताकद दुप्पट झाली की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० लागतात.

आकाराने दोन जाती. एक चपटा, तव्यासारखा. त्याच्या तोंडावरची चकती दोन-तीन हजार हर्ट्झवर झणझणते आणि तो कर्कश धारदारपणा इंजिनाच्या घरघरीतून आरपार जातो. दुसरा गोगलगायीसारखा गुंडाळलेला. हा तर शंखच. आतल्या वळशातला हवेचा स्तंभ घुमतो, आवाज गोल येतो. हायवेला पहिला चालतो. बाजारात, गल्लीबोळांत, माणसांच्या कानाशी गाडी नेणाऱ्याने दुसरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरी गोम. एक हॉर्न ४ ते ५ अँपिअर ओढतो, जोडी १० पर्यंत जाते. स्टिअरिंगच्या बटणापासून येणारी कंपनीची वायर बारीक. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीतून १० अँपिअर ओढले, तर एकट्या तांब्यातच ०.७ व्होल्ट जातात, सांध्यांची गळती वेगळी. वर बटणाचा संपर्क ठिणग्यांनी जळतो तो जळतोच. म्हणून रिले. चार पायांची ही काळी डबी म्हणजे सरकारी कचेरीतल्या शिपायासारखी: साहेबाने नुसती घंटी वाजवायची, फायली वाहायच्या शिपायाने. डबीला लागतात जेमतेम ०.१५ अँपिअर, तेवढेच बटणातून जातात. बाकीचे दहा थेट बॅटरीतून.

साहित्य असं: १२ व्होल्ट ३० अँपिअरचा रिले, सॉकेटसकट, २.५ चौरस मिलिमीटरची लाल वायर तीन मीटर; हॉर्नच्या अर्थसाठी १.५ची काळी, ६.३ मिलिमीटरची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी. बोल्टसाठी ८ मिलिमीटरची रिंग थिंबल. वायरीतच बसणारा फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. सुरुवातीला बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवायचं. रिलेच्या प्रत्येक पायावर नंबर असतो. ३० नंबरवर बॅटरीचं पॉझिटिव्ह, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. ८७ मधून दोन्ही हॉर्नना. उरले ८५ आणि ८६. इथे बरेच जण अडखळतात, कारण काही गाड्यांत बटण पॉझिटिव्ह तोडतं, काहींत निगेटिव्ह. जुन्या हॉर्नला दोन वायरी असतील तर त्या दोन्ही सरळ ८५ आणि ८६ला द्या, कुठली तुटते याची चौकशीच नको. फक्त रिलेत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणारा भाग, असेल तर पॉझिटिव्ह ८६लाच हवं. एकच वायर असेल तर ती ८६ला आणि ८५ बॉडीला.

थिंबल पकडीने नव्हे, क्रिंपिंगच्या पान्यानेच दाबा आणि ओढून पाहा. वायरी पिळून टेप गुंडाळायची पद्धत बॉनेटखालच्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा डिंक पाघळतो आणि सहा महिन्यांनी सांधा उघडा पडतो. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, घाला. धारेवर घासून तीच वायर एक दिवस बॉडीला टेकते.

तेव्हा काय होतं? फ्यूज उडतो, आणि उडायलाच हवा. तो हॉर्नसाठी नसतोच, वायरीसाठी असतो. पण उडाला की कुणीतरी ३० अँपिअरचा घालतो, दुसरा कुणी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. मग फ्यूजचं काम वायर स्वतः जळून करते. उलट प्रकारही घडतो. स्वस्त रिलेचे संपर्क आतून चिकटतात आणि बटण सोडलं तरी गाडी पहाटे तीन वाजता गावाच्या मधोमध शंख करत राहते. अशा वेळी स्टिअरिंगवर हात आपटू नका. बॉनेट उघडून रिले उपटा. म्हणूनच तो हाताला येईल अशा जागी बसवायचा, पाय खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही.

हॉर्न बसवताना त्याची स्वतःची स्प्रिंगची पट्टी वापरा. ती आखूड करून तवा जाळीला टेकवला, तर चकती थरथरूच शकत नाही. मागचा रंगाने सील केलेला स्क्रू म्हणजे सुराची खुंटी, पण तिला एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त हात लावू नये. फार आवळली तर आतला संपर्क सुटतच नाही, नुसतं 'टक' होतं आणि कॉइल तापत राहते.

प्रेशर हॉर्नबद्दल विचारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९वा नियम ओळीने निरनिराळे सूर काढणाऱ्या आणि कर्णकर्कश हॉर्नना मनाई करतो. विनाकारण वाजवणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. 'हॉर्न ओके प्लीज' तर महाराष्ट्राने २०१५ सालीच गाड्यांच्या पाठीवरून पुसायला लावलं. अर्थात, जिथे गरज आहे तिथे षड्ज-गंधार पुरेसा होतो.

शंखाचं तोंड मात्र पुढे आणि थोडं खाली झुकलेलं ठेवा. वर राहिलं तर पहिल्याच धुण्यात किंवा मृगाच्या सरीत तो भरतो आणि गुळण्या करत वाजतो. हंगाम संपून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तोंडावर फडकं बांधा. कुंभारीण माशीला अशी जागा फार आवडते. ती आत मातीचं घर बांधते आणि मग बटण दाबल्यावर षड्ज नुसता घशात घोगरतो, समोर जातो एकटा गंधार.