कोरड्या जोडातून शिरलेली हवा

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास भुसावळहून नानांचा फोन आला आणि त्यांनी एवढेच सांगितले, "भाऊ, पाणी पुन्हा दुधासारखं दिसतंय, आणि आता एका एंजलच्या शेपटीवर मोती दिसायला लागलेत." एंजल म्हणजे त्यांच्या मत्स्यटाकीतला एंजलफिश मासा. टाकीतले पाणी बारीक बुडबुड्यांनी दुधासारखे दिसणे ही तक्रार मला नवी नव्हती. त्याच घरी त्याच कारणासाठी मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. शेपटीवरचे मोती मात्र ऐकले आणि हातातले काम तसेच सोडून मी जळगावहून निघालो. नशिराबाद ओलांडेपर्यंतच रस्त्यावर ऊन तापू लागले होते.

मी गेली काही वर्षे घरगुती मत्स्यटाक्या बसवण्याचे आणि त्यांची निगा राखण्याचे काम करतो. नाना रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी टाकी आहे आणि खालच्या कपाटात ९० सेंटिमीटर लांबीची दुसरी काचेची टाकी आहे, जिला आम्ही संप म्हणतो. वरच्या टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून संपाच्या पहिल्या कप्प्यात पडते, स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्यांमधून गाळले जाते, काचेच्या उभ्या पट्ट्यांवरून-खालून वळत शेवटच्या कप्प्यात पोचते आणि तिथून पंप ते पुन्हा वर चढवतो. पाण्यात बुडवायचा पंप स्वतःची उष्णता पाण्याला देतो. खानदेशच्या उन्हाळ्यात ती नको म्हणून नानांच्या सांगण्यावरून मी पंप संपाच्या बाहेर, कपाटातच, बाजूला बसवला होता. टँक निपल (काचेच्या छिद्रात बसवलेले पाइपाचे तोंड), बॉल व्हॉल्व्ह, युनियन (उघडता येणारा जोड) आणि मग पंप, असा तो आखूड सक्शनचा, म्हणजे पंपाने पाणी ओढण्याचा, मार्ग होता. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे.

पहिल्या फेरीत सापडलेले कारण खरे होते, आणि ते उन्हाळ्याचेच होते. संपातले बाकीचे कप्पे काचेच्या पट्टीच्या उंचीने बांधलेले असतात, त्यांची पातळी हलत नाही. वरच्या टाकीचीही हलत नाही. त्यामुळे साऱ्या यंत्रणेतून वाफ होऊन उडालेले पाणी एकट्या शेवटच्या कप्प्यातून कमी होते. नानांच्या संपातला तो कप्पा २५ बाय ४० सेंटिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर १००० चौरस सेंटिमीटर. म्हणून एक लिटर पाणी उडाले की पातळी एक सेंटिमीटरने उतरते, आणि मे महिन्यात, टाकीवर पंखा चालू असताना, त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत पाच-पाच लिटर उडत होते. पातळी एवढी उतरली की निपलाच्या तोंडावर भोवरा पडतो आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. मी काचेवर रंगीत पट्टी चिकटवून पातळीची खूण केली आणि सकाळ-संध्याकाळ क्षार काढून शुद्ध केलेले (आरओचे) पाणी टाकायला सांगितले, कारण उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, आणि त्या भागातल्या जड पाण्याची भर घालत राहिले तर ते अधिकच जड होत जाते. भोवरा बंद झाला. बुडबुडे कमी झाले, पण गेले नाहीत.

दुसऱ्या फेरीत मी संपातल्या काचेच्या उभ्या पट्ट्यांकडे वळलो. ओव्हरफ्लोच्या पाइपाचे तोंड पाण्याच्या वर लोंबत होते. ते मी पृष्ठभागाखाली जेमतेम अडीच सेंटिमीटर नेले. फार खोल नेले असते तर पाइपात अडकलेली हवा गुडगुड करत बाहेर पडली असती, आणि वर ठेवले तर धार आपटून फेस करते. मग पट्ट्यांमधले अंतर २.५ सेंटिमीटरवरून ५ केले. त्या दिवशी बादली लावून मोजले होते: १५ लिटरची बादली १८ सेकंदांत भरत होती, म्हणजे ताशी ३००० लिटर. ४० सेंटिमीटर रुंद संपात २.५ सेंटिमीटरच्या फटीतून एवढे पाणी सेकंदाला साधारण आठ सेंटिमीटर वेगाने जाते. फट दुप्पट केली की वेग चारावर येतो. मला त्या वेळी हे पुरेसे वाटले. परंतु एक दशांश मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर चढतो, आणि व्यास निम्मा झाला की चढण्याचा वेग चौथाईवर येतो. चार सेंटिमीटरच्या वेगाने खाली वळणाऱ्या पाण्यातून असा बुडबुडा सुटून वर येणार कसा? पट्ट्यांचा सापळा मोठे बुडबुडे पकडतो. दूधकट धुके ज्यांचे बनलेले असते ते सूक्ष्म बुडबुडे त्यातून सरळ निघून जातात. त्यांना हवा असतो लांब, शांत आणि खोल कप्पा: २० सेंटिमीटर खोलीच्या मोकळ्या कप्प्यात तेच पाणी सेकंदाला एकाच सेंटिमीटरने सरकते आणि २५ सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत तो बारीक बुडबुडा बारा सेंटिमीटर तरी वर आलेला असतो. मधल्या कप्प्यातल्या सिरॅमिकच्या नळ्या एका बाजूला रचून मी तशी जागा केली आणि पाण्याच्या आडवा एक जाड स्पंज उभा केला, ज्याला चिकटून बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि मोठे होऊन सुटतात. (समुद्री पाण्याच्या टाकीत हे इतके सहज होत नाही, मिठामुळे तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत.) त्याच फेरीत, सगळे पुन्हा जोडताना, मी युनियन उघडून परत आवळला होता. त्याकडे पुढे येतो.

शनिवारी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. काकूंनी आधी पाणी दिले आणि मग एंजल दाखवला. भिंगातून पाहिले. शेपटीच्या पराच्या पातळ पापुद्र्यात, दोन काट्यांच्या मध्ये, काचेच्या मण्यांसारखे पाच-सहा बुडबुडे होते. ते पराला वरून चिकटलेले नव्हते, आतच होते. पाण्यात हवा प्रमाणाबाहेर विरघळली की ती माशाच्या रक्तात आणि ऊतींत जाते आणि तिथे बुडबुड्याच्या रूपाने सुटते. याला वायुबुद्बुद रोग म्हणतात. तो वाढला तर डोळे बाहेर येतात, कल्ल्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मासा मरतो. पाण्यात तरंगणारे बुडबुडे हे त्या अर्थाने लक्षण आहे. खरा धोका न दिसणाऱ्या, दाबाखाली विरघळलेल्या हवेचा. हवा पंपाच्या सक्शनच्या बाजूने आत गेली की पंखा तिचे चूर्ण करतो आणि दीड मीटर वर चढवण्यासाठी लागणाऱ्या दाबात ती पाण्यात जास्त विरघळते. दोन्ही एंजल टाकीच्या तळाशी जाऊन उभे राहिले होते. मला आधी ते आजारपण वाटले. नंतर लक्षात आले की खाली पाण्याचा दाब थोडा जास्त असल्याने तिथे विरघळलेल्या हवेचा त्रास तेवढा कमी होतो. मासे आपापल्या परीने उपाय करत होते.

मी खोलीचे पडदे ओढून घेतले आणि बॅटरीचा झोत एकेका कप्प्याच्या बाजूने आडवा टाकत गेलो. हे मी पहिल्याच फेरीत करायला हवे होते. पहिल्या कप्प्यात फेस होता, ते अपेक्षितच. मधल्या कप्प्यात स्पंजापलीकडे तुरळक ठिपके. शेवटच्या कप्प्यात झोत आरपार गेला, एकही ठिपका नाही. आणि वरच्या टाकीत, परतीच्या पाइपाच्या तोंडाशी, पांढरा धूर सुटत होता. म्हणजे संप आता निर्दोष होता; हवा शेवटचा कप्पा आणि पाइपाचे तोंड यांच्या मध्येच कुठेतरी शिरत होती, आणि त्या मार्गावर फक्त निपल, व्हॉल्व्ह, युनियन आणि पंप होते.

मी पालथा पडून एकेका जोडाखाली बोट फिरवले, कोरडा कागद फिरवला. सगळे कोरडे. पंपाच्या तोंडाचा जोड कोरडा, युनियन कोरडा, निपल कोरडा. गळती नाही म्हणजे दोष नाही, असे माझ्या मनाने धरले, आणि मी पंपच खराब असावा या निष्कर्षाकडे निघालो होतो. नाना खुर्चीवर बसून हे सगळे पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, चालू असताना का बघतोस? मोटार बंद करून बघितलंस का?"

मग त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत द्यायला हवे, पण मी ते टिपून घेतले नव्हते. आशय असा होता. त्यांच्या नोकरीच्या काळात गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. गाडीभर जाणाऱ्या पाइपातून हवा काढून घेतलेली असे आणि त्या निर्वातावर ब्रेक सुटलेले राहत. दोन डब्यांमधल्या होस पाइपाचे रबर गेले की तिथून काही बाहेर येत नसे, कारण आत दाबच कमी. उलट बाहेरची हवा आत ओढली जाई आणि ब्रेक धरू लागत. पाण्याच्या किंवा वाफेच्या पाइपाची सवय असलेला नवा माणूस बाहेर काय येते ते शोधत बसे. ही गळती डोळ्यांना सापडत नाही, ती झाकून शोधायची असते, असे नाना म्हणाले.

मी पंप बंद केला. दोन मिनिटे काही झाले नाही. मग युनियनच्या खालच्या कडेवर एक थेंब जमला, लोंबला आणि कपाटाच्या तळाच्या प्लायवर पडला, आणि तो पडला तिथे आधीपासूनच क्षारांचे एक पांढरे वर्तुळ होते, रुपयाच्या नाण्याएवढे. वीज जायची तेव्हा तेव्हा हा जोड ठिबकत होता आणि वीज आली की कोरडा होत होता. इतके दिवस मी त्या पांढऱ्या डागावर हात टेकून काम करत होतो.

खात्री मात्र झाकूनच करायची होती. व्हॅसलीन घरात नव्हते. काकू दुपारच्या पोळ्यांची कणीक भिजवत होत्या. त्यांच्याकडून लिंबाएवढा गोळा घेतला, थोडा सैल केला आणि पंप चालू करून युनियनच्या कडेभोवती सगळीकडून दाबून लिंपला. नाना वरच्या टाकीपाशी बॅटरी धरून उभे होते. अर्ध्या मिनिटाने ते म्हणाले, "थांबलं." मी कणीक काढली. "सुरू झालं." पुन्हा लिंपली. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा करण्याची गरज नव्हती, तरी मी तसे करून पाहिले.

युनियन उघडला तेव्हा आतली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, एका जागी चेपून खाचेबाहेर आलेली दिसली. दुसऱ्या फेरीत मी ती कोरडीच बसवली होती आणि हाताने आवळण्याऐवजी पाना लावला होता. पीव्हीसीचा युनियन हातानेच आवळायचा असतो आणि रबराला सिलिकॉनचे ग्रीस लावायचे असते. दोन्ही मला ठाऊक होते आणि त्या दिवशी परतीची घाई होती. नानांना मी हे जसेच्या तसे सांगितले. भुसावळच्या बाजारातून नवी रिंग आणली, ग्रीस लावून बसवली, आणि दुपारी दीड वाजता वरच्या टाकीतून पलीकडची भिंत स्पष्ट दिसू लागली.

तरीही एक प्रश्न उरला होता. पंप संपाच्या पातळीपेक्षा खाली आहे, सक्शनवर पाण्याचा भार आहे, मग तिथे हवा आत ओढली जाण्याइतका दाब उतरला कसा? जेवण झाल्यावर नानांच्या वहीत हिशेब मांडला. पाइप आतून २५ मिलिमीटरचा. ताशी ३००० लिटर पाणी त्यातून सेकंदाला १.७ मीटर वेगाने जाते. नुसता हा वेग मिळवण्यातच साधारण १५ सेंटिमीटर पाण्याचा दाब खर्च होतो, आणि निपलाच्या तोंडाशी, व्हॉल्व्हमध्ये मिळून आणखी दहाएक सेंटिमीटर. पाइपावर पाणी उभे होते ते सकाळी २० सेंटिमीटर आणि संध्याकाळी १५. म्हणजे त्या जोडापाशी दाब दिवसभर हवेच्या दाबापेक्षा कमीच होता आणि सूर्य कलेपर्यंत आणखी कमी होत होता. पाणी टाकले की बुडबुडे कमी का होत आणि पूर्ण बंद का होत नसत, याचे उत्तर त्या वजाबाकीत होते; माझी पहिल्या फेरीतली खूण भोवऱ्यावर लागू पडली होती आणि या गळतीला फक्त झाकत होती. रिंग आज नवी आहे, वर्षा-दोन वर्षांत तीही कडक होईल. आपल्याकडे विहिरीवर मोटार बसवणारे मिस्त्री सक्शनचा पाइप डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या, पाइपापेक्षा एक माप मोठा घेतात, ते याचसाठी. आतून ४० मिलिमीटरचा पाइप घेतला तर वेग ०.६६ मीटरवर येतो आणि १५ ऐवजी दोनच सेंटिमीटर खर्च होतात. मग जोड सैल झाला तरी चालू पंपातही तो बाहेर ठिबकेल, आणि ठिबकलेले दिसते.

हे काम त्याच दिवशी होण्यासारखे नव्हते, कारण मोठ्या निपलासाठी संप रिकामा करून काचेचे छिद्र वाढवावे लागणार होते. ते मी पुढच्या आठवड्यात, मजुरी न घेता करून दिले. त्या दिवशी जाण्याआधी वरच्या टाकीत एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, सोडला. बुडबुड्यांनी झालेल्या त्रासावर पुन्हा बुडबुडे कशाला, असे काकूंनी विचारले. दगडाचे मोठे बुडबुडे पाणी हलवून जास्तीची विरघळलेली हवा पृष्ठभागावरून बाहेर जायला मदत करतात, ती दाबाखाली आत ढकलत नाहीत, हे मी त्यांना सांगितले.

मंगळवारी रात्री नानांचा फोन आला. शेपटीवरचे मोती पाचाचे दोन झाले होते आणि दोन्ही एंजल तळ सोडून मधल्या पाण्यात फिरत होते. गुरुवारी एकही मोती उरला नव्हता. मी त्यांना पंप पाच मिनिटे बंद करून प्लायवरून बोट फिरवायला सांगितले. ते म्हणाले, ते रोज सकाळी पाणी टाकायच्या आधी तेच करतात, आणि प्लाय कोरडा आहे.