लाल बाजूचा बिल्ला

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात एका तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरात मी एक संपूर्ण हंगाम काउन्सेलर म्हणून काम केले. या शब्दाचे 'समुपदेशक' असे भाषांतर केले, तर कामाची कल्पना येत नाही. केबिनमधल्या दहा-अकरा वर्षांच्या दहा मुलींना सकाळी उठवण्यापासून ते संध्याकाळी त्यांच्या कानामागे आणि गुडघ्यांमागे गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहण्यापर्यंत सगळे करणारी मोठी बहीण, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. अशा कामासाठी परदेशातून येणाऱ्याला जे-१, म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा लागतो. त्याला वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मुदत जास्तीत जास्त चार महिन्यांची असते. मुलाखतीत मला पोहणे आणि चित्रकला यांविषयी बरेच विचारले गेले. रात्री रडणाऱ्या मुलीला काय सांगाल, हे मात्र कोणी विचारले नाही.

मुलांना घरापासून दूर, निसर्गात ठेवायचे हा या शिबिरांचा मूळ हेतू आहे. १८६१ मध्ये कनेक्टिकटमधील शाळाचालक फ्रेडरिक विल्यम गन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सुमारे चाळीस मैल चालवत समुद्रकिनारी नेले आणि तिथे तंबूत ठेवले, तिथपासून ही परंपरा मोजली जाते. आमच्या शिबिरातही मुलींजवळ मोबाइल नसत. घराशी संबंध फक्त पत्रांचा, आणि ती पत्रे दुपारच्या जेवणानंतर विश्रांतीच्या तासाला वाटली जात.

पोहण्याची वेळ त्यानंतर लगेच असे. पाण्यात उतरताना प्रत्येकीने फळ्यावरचा आपल्या नावाचा बिल्ला लाल बाजूने फिरवायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा पांढऱ्या बाजूने लावायचा, असा नियम होता. दर दहा मिनिटांनी शिट्टी होई, जोडीदारणी एकमेकींचे हात धरून वर करीत आणि आम्ही डोकी मोजत असू. पहिल्याच आठवड्यात एका मोजणीत एक डोके कमी भरले. तिची जोडीदार लाकडी धक्क्यावर टॉवेल गुंडाळून बसली होती, पण न सापडणाऱ्या मुलीचा बिल्ला मात्र लालच होता.

सगळ्या मुलींना तत्काळ बाहेर काढण्यात आले. मोठी माणसे हातात हात गुंफून, पायांनी तळ चाचपत कमरेएवढ्या पाण्यातून पुढे सरकू लागली आणि जीवरक्षक खोल भागात बुड्या मारू लागले. मला केबिनकडे पिटाळले होते. धावताना पायांत बळ उरले नव्हते. ती पलंगावर ओल्या पोहण्याच्या पोशाखातच बसली होती. उशी भिजली होती आणि मांडीवर आईचे पत्र उघडे होते. वॉकीटॉकीवर 'सापडली' एवढे बोलेपर्यंत माझा आवाज फुटत नव्हता.

मी तिला रागावले नाही, कारण चूक माझीही होती. विश्रांतीच्या तासात ती ते पत्र न फोडता उशीखाली सरकवताना मी पाहिले होते आणि काही विचारले नव्हते.

त्या रात्री तिने विचारले, "आईला फोन करून मला न्यायला बोलावशील?" प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती म्हणजे असे वचन कधीही द्यायचे नाही. ते एकदा दिले, की मूल रमायचा प्रयत्न सोडते आणि फक्त दिवस मोजते. हा नियम मला तोवर कठोर वाटत असे. मी तिला एवढेच म्हटले, की उत्तर लिहू या, सकाळच्या टपालात टाकू या. टॉर्चच्या उजेडात तिने दीड पान लिहिले, त्यातले अर्धे कुत्र्याविषयी होते. तळ्यावरून लून पक्ष्याची लांबलचक हाक येत होती. ऐकताऐकता तिला झोप लागली, मला मात्र लागली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंची परवानगी घेऊन मी आमच्या केबिनची पत्रे संध्याकाळी, पोहून आल्यावर वाटू लागले. पत्र हाती आले, की ज्या मुलीला एकटे बसावेसे वाटे, तिच्यासाठी पायरीवरची जागा मोकळी ठेवली जाई आणि मी दाराशीच बसून असे.