तुम्ही विचारलंत म्हणून: नायिका मनकवडी असेल, तर रहस्य टिकतं कसं?

कुमारवयीन वाचकांसाठी रहस्यकथा लिहू पाहणारे बहुतेक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. नायिका पंधरा वर्षांची आहे, समोरच्याच्या मनातलं तिला कळतं आणि तिच्या वर्गातली एक मुलगी बेपत्ता झाली आहे. मग नायिकेने संशयितांच्या जवळून एक चक्कर मारली की गुन्हेगार सापडला. पुढची दोनशे पानं कशाच्या जोरावर लिहायची?

प्रश्न रास्त आहे. त्यावर सर्रास शोधली जाणारी पळवाट मात्र कथेला मारक ठरते. ही पळवाट म्हणजे गरज असेल तेव्हा शक्ती बंद पाडणं. ऐन वेळी नायिकेचं डोकं दुखायला लागतं, खलनायकाच्या मनाभोवती कसलीशी भिंत निघते, नाहीतर तिची शक्ती ‘आज काही केल्या चालत नाही’. तेरा वर्षांच्या वाचकालाही यामागचा लेखकाचा हात लगेच दिसतो, आणि एकदा दिसला की पुढच्या कुठल्याही संकटावर त्याचा विश्वास बसत नाही.

माझं म्हणणं असं, की शक्ती पूर्ण चालू द्या. नायिकेला खरोखर मनं वाचू द्या. माणसाच्या मनात घडलेली गोष्ट जशीच्या तशी नसते, त्या गोष्टीबद्दलची त्याची समजूत असते. रहस्य या फटीतच राहतं.

स्मरणशक्तीवरचा एक गाजलेला प्रयोग इथे कामाला येतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं. दुसऱ्या गटाला विचारताना ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरला. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिली होती का? पहिल्या गटातले 32 टक्के हो म्हणाले, दुसऱ्या गटातले 14 टक्के. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. आता तुमची नायिका त्या 32 टक्क्यांतल्या एकाचं मन वाचते आहे असं धरा. तिला काच दिसेल, अगदी लखलखीत दिसेल, आणि तो साक्षीदार शब्दानेही खोटं बोलत नसेल. खोटं पकडणारी नायिका इथे हतबल ठरते, तेही तिच्या शक्तीला जराही धक्का न लावता.

अपराधीपणाचंही तसंच. बेपत्ता मुलीचा शेवटचा फोन ज्या मित्राने रागाने उचलला नाही, त्याच्या डोक्यात ‘माझ्यामुळे झालं’ हे एकच वाक्य रात्रंदिवस घुमत असेल. ज्याने तिला खरोखर कुठेतरी नेऊन ठेवलं आहे, त्याची खात्री असेल की आपण तिचं भलंच करतो आहोत. शिवाय नायिका त्याच्या शेजारून जाते त्या क्षणी तो गाडीच्या हप्त्याचा विचार करत असण्याची शक्यता जास्त. वाचकाला फसवायचं तर असं फसवावं. नायिकेने वाचलेलं प्रत्येक वाक्य खरं असतं, चुकतो तो तिने लावलेला अर्थ. शेवटी उलगडा झाल्यावर वाचक मागची पानं चाळून पाहतो आणि त्याला एकही ओळ खोटी सापडत नाही. या प्रकारच्या कथेत प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

आता मनातला विचार कागदावर कसा दाखवायचा, त्याबद्दल. बहुतेक कच्च्या खर्ड्यांत तो तिरप्या अक्षरांतलं, व्याकरणशुद्ध, पूर्ण वाक्य म्हणून येतो: ‘मीच ती चिठ्ठी जाळली हे हिला कळता कामा नये.’ असा विचार कुणीही करत नाही. रसेल हर्लबर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकापासून लोकांजवळ बीपर देऊन, तो वाजला त्या क्षणी मनात नेमकं काय होतं याच्या नोंदी जमवल्या. त्यांत मनातल्या मनात बोलणं आहे, चित्रं आहेत, शरीरातल्या जाणिवा आहेत, नुसत्या भावना आहेत आणि शब्द किंवा चित्र यांपैकी काहीच नसलेले विचारही आहेत. माणसामाणसांत याचं प्रमाण कमालीचं वेगळं असतं. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 मध्येच लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगितलं होतं, आणि आपल्याला चित्र म्हणून काही दिसतच नाही असं सांगणारे त्यांना भेटले होते. अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या स्थितीला अ‍ॅफँटेझिया हे नाव दिलं. खलनायकाच्या मनाभोवती जादूची भिंत उभारायची गरजच काय? नायिकेला फक्त चित्रं दिसतात आणि गुन्हेगाराच्या मनात चित्रं उमटतच नाहीत, एवढंच पुरेसं आहे. अट एकच, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कुणीतरी सहज सांगितलेलं असावं की त्याला आपल्या आईचा चेहरा डोळे मिटून आठवता येत नाही.

म्हणून पहिला निर्णय हा घ्या की शक्ती कोणत्या वाटेने येते. आवाज, चित्र, स्पर्श, वास यांपैकी एकच वाट निवडा आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा. प्रत्येक वाटेचं एक व्यंग असतं आणि कथा त्या व्यंगातून निघते. चित्राला काळ नसतो आणि नकारही नसतो. एखाद्याच्या मनात विहिरीकाठी पडलेला बूट दिसला, तर ती आठवण आहे, भीती आहे, इच्छा आहे की काल रात्री पाहिलेला सिनेमा, हे चित्र सांगत नाही. ‘मी तिला ढकललं नाही’ असा विचार करणाऱ्याच्या मनातही चित्र उमटतं ते ढकलण्याचंच. आवाजाच्या वाटेत अडचण वेगळी: गर्दीत ऐकू आलेला विचार कुणाचा, हे कळत नाही. वस्तूला हात लावून माहिती मिळत असेल तर त्या वस्तूवर कितीजणांचे हात पडले हा प्रश्न येतो. सापडलेली ओढणी आधी कुणाची होती, कुणी कुणाला दिली, एवढ्यावर दोन प्रकरणं निघतात.

दुसरं काम म्हणजे नियमांचा कागद. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी एक पान भरून टाका, आणि आकडे लिहा. ‘जवळ असेल तर’ असं लिहू नका, पंधरा फूट लिहा. किती वेळ? दहा सेकंद. सुरू कशाने होते, थांबवता येते का, एका दिवसात किती वेळा, भिंतीपलीकडून चालते का, झोपलेल्या माणसावर चालते का, प्राण्यांवर चालते का. वाचकाला हे आकडे कधी थेट सांगावे लागत नाहीत. पण अठराव्या प्रकरणात नायिका रस्त्याच्या पलीकडच्या माणसाचं मन वाचते तेव्हा पंधरा फुटांचा नियम मोडला हे त्याला जाणवतं, कारण सहाव्या प्रकरणात ती तेवढ्याच अंतरावरून अडली होती. कादंबरी 45 हजार शब्दांची असेल तर पहिल्या 9-10 हजार शब्दांत सगळ्या महत्त्वाच्या मर्यादा घटनांतून दिसून जायला हव्यात. त्यानंतर नवी मर्यादा आणली की ती सबब वाटते, आणि नवी ताकद आणली की फसवणूक.

याच कागदावर शक्तीची किंमत लिहायची. नाकातून रक्त येणं आता इतकं झिजलं आहे की ते टाळलेलंच बरं. त्यातली खरी उणीव अशी की रक्त पुसलं की पुढचा प्रसंग आधी जसा घडणार होता तसाच घडतो. किंमत अशी हवी की पुढचा प्रसंग बदलेल. उदाहरणार्थ, ज्याचं मन वाचलं त्याची भावना अर्धा तास नायिकेला चिकटून राहते. चिडलेल्या माणसाला वाचून ती घरी येते, धाकट्या भावावर खेकसते, आणि ज्या भावाने त्या संध्याकाळी तिला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची ठरवली होती, तो गप्प बसतो. ही किंमत कथानकात भरली गेली.

मनं वाचण्याऐवजी पुढचं दिसत असेल तर रचना वेगळी लागते. आल्फ्रेड हिचकॉक यांचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे: प्रेक्षकाला माहीत नसताना बॉम्ब फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी माहीत असेल तर पंधरा मिनिटांची धडधड. पूर्वाभास म्हणजे तो बॉम्ब आधी दाखवणं. इथे मी एकच पद्धत सुचवते आणि ती जवळपास नेहमी चालते. कळसाचा प्रसंग सगळ्यात आधी, पूर्ण तपशिलांसह लिहून काढा. मग त्यातले चार सेकंद कापून दुसऱ्या प्रकरणात ठेवा. चारच सेकंद, एकाच इंद्रियाचे, तारखेशिवाय. घड्याळाचे काटे दिसू द्या, पण सकाळ की रात्र ते कळू देऊ नका. निळा स्वेटर दिसू द्या. तो दुसऱ्या प्रकरणात मैत्रिणीच्या अंगावर असतो आणि कळसाला भलत्याच कुणाच्या. उलट क्रमाने, म्हणजे आधी भास लिहून नंतर कळस त्याला जुळवायला गेलात तर हमखास ठिगळ दिसतं. भास अक्षर न अक्षर खरा ठरला पाहिजे, अर्थ मात्र उलटला पाहिजे. आणि भविष्य बदलता येतं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. एका प्रसंगात बदलतं, दुसऱ्यात बदलत नाही, असं झालं की वाचकाची भीती संपते.

ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, ती मला सगळ्यात मोलाची वाटते: कळणं आणि सांगता येणं यांतलं अंतर. नायिकेला मुलगी कुठे आहे ते कळलं. आता ती पोलिसांना काय सांगणार? जे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असू शकतं ते तिने सांगितलं तर पहिला संशय तिच्यावरच येईल. त्यामुळे शक्तीने मिळालेली प्रत्येक गोष्ट तिला साध्या वाटेने पुन्हा मिळवावी लागते: पावती शोधून, बसच्या वेळा ताडून, शेजाऱ्यांशी बोलून. खर्डा तपासताना वहीत दोन रकाने आखा. डावीकडे शक्तीने काय कळलं, उजवीकडे त्याचा साधा पुरावा कुठल्या प्रकरणात मिळाला. उजवीकडे रिकामी जागा राहिली तर तिथे कथानकाला भोक आहे. माझ्या मते महत्त्वाच्या वळणांपैकी दोनतृतीयांश तरी शक्तीविना घडावीत. शक्तीने प्रश्न मिळावा, उत्तर पायपिटीतून यावं.

शक्तीची परीक्षा घेण्याचा प्रसंग हवा असेल तर तो नीट लिहा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अतींद्रिय शक्ती तपासण्यासाठी जे. बी. राईन यांनी 1930च्या दशकात वापरलेले झेनर पत्ते प्रसिद्ध आहेत: 25 पत्ते, पाच चिन्हं (वर्तुळ, अधिकचं चिन्ह, लाटा, चौकोन, तारा), प्रत्येकाचे पाच पत्ते. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात. खर्ड्यात नायिकेचे नऊ बरोबर आले की सगळे थक्क होतात, पण नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण वीसात एक आहे. चाळीसजणांच्या वर्गात निव्वळ नशिबाने एक-दोघांना ते जमेल. शंकेखोर मित्राच्या तोंडी हे घाला, पात्र एकदम हुशार होतं. सुरुवातीच्या पत्त्यांवर टीका झाली होती की काही वेळा मागच्या बाजूनेही चिन्ह ओळखू येई, तेही वापरता येईल. आणि ‘प्रोजेक्ट अल्फा’ माहीत असू द्या. 1979 मध्ये जादूगार जेम्स रँडी यांच्या योजनेनुसार दोन तरुण जादूगार सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या परामानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत अतींद्रिय शक्ती असल्याचा दावा करत शिरले आणि साध्या हातचलाखीने संशोधकांना फसवत राहिले. 1983 मध्ये रँडींनी ते जाहीर केलं. कथेतल्या मोठ्या माणसाने नायिकेवर विश्वास ठेवला नाही, तर त्यामागे असं सबळ कारण असावं. न ऐकणारी मोठी माणसं सगळीच मूर्ख दाखवली की तणाव सैल पडतो.

वयाबद्दलही बोलायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलीचा वेळ, फोन, बाहेर पडायची परवानगी, यांपैकी काहीच तिच्या हातात नसतं. आईवडिलांना परगावी पाठवून ही अडचण मिटवू नका, कारण तीच घड्याळाचं काम करते: सातच्या आत घरी. शिवाय घरातल्यांची मनं तिला वाचता येतात, आणि आपल्याबद्दल त्यांना नेमकं काय वाटतं हे त्या वयात कळणं गुन्हेगारापेक्षा भयंकर असू शकतं. मैत्रिणीचं मन न विचारता वाचणं हा विश्वासघात आहे. मैत्रिणीला तो कळला पाहिजे आणि दोघींत दुरावा आला पाहिजे.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. इतरांना न येणारे आवाज ऐकू येणं, हे खऱ्या आयुष्यात या वयात किंवा थोडं पुढे सुरू होऊ शकणाऱ्या मानसिक आजाराचं लक्षण असू शकतं. तुमचा एखादा वाचक त्यातून जात असेल. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला खलनायक करू नका, गोळ्या टाकून दिल्यावर शक्ती परत येते असा प्रसंग लिहू नका. नायिकेला डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, आणि तरीही तिला सगळं सांगता आलं नाही, हा प्रसंग कितीतरी जास्त अस्वस्थ करतो.

खर्डा पूर्ण झाला की शक्तीचे सगळे प्रसंग पेन्सिलने खोडून उरलेलं वाचा. काहीच उरलं नाही, तर तपास लिहिलेलाच नाही. साध्या पुराव्यांची प्रकरणं घालावी लागतील. काहीही न अडता सगळी गोष्ट शेवटापर्यंत गेली, तर शक्ती नुसती शोभेची आहे. मग किंमतीकडे परत जा आणि ती इतकी वाढवा, की नायिकेने मन वाचलं म्हणून निदान एक दार तिला कायमचं बंद होईल.