पाणी वाढतंय, उद्या तास घ्यायचे का?

रविवार, रात्री

उद्या तास घ्यायचे की नाहीत, यावर प्राचार्यांनी विभागप्रमुखांचं मत मागवलंय. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश अजून आलेला नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी ४१ फूट पाणी होतं. इशारा पातळी ३९ ची, ती गेली. धोक्याची ४३ ची.

दुपारी शहरात चांगलं ऊन पडलं, तर लगेच ग्रुपवर एकानं लिहिलं, "पाऊस उघडलाय, सुट्टी कशाला?" पण पंचगंगा काय शहरातल्या पावसानं फुगते? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीवरून खाली येतं. त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसानं तरी खिडकीतून आभाळ बघून ठरवू नये.

माझ्या वर्गातली निम्मी पोरं एसटीनं येतात. गगनबावड्याकडची मुलगी सकाळी अंधारातच घर सोडते. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तिची वाट बंद. पन्हाळ्याकडच्यांना केर्लीत तोच प्रश्न. चिखलीच्या एका मुलाचा संध्याकाळी फोन आला, "सर, उद्या म्हशी हलवायच्या हायत, माझी हजेरी जाईल का?" घरात पाणी शिरायची वेळ आली आणि त्याला ७५ टक्के हजेरीची काळजी. मला फार वाईट वाटलं.

म्हणूनच "कॉलेज चालू आहे, ज्यांना जमेल त्यांनी यावं" हा मला सगळ्यात वाईट निर्णय वाटतो. ऐकायला समजूतदार, पण त्यात सगळा भार पोरांवर. हजेरीच्या धास्तीनं एखादा पाण्यातून गाडी घालतो. आला तरी दुपारी पाणी चढल्यावर परत कसा जाणार? ऑनलाइनचंही तेच. पुराच्या गावात वीज आधी जाते.

अभ्यासक्रम मागे पडतो, हे खरं. प्रात्यक्षिकांचं नुकसान तर मलाही टोचतं, कारण प्रयोग घरी बसून होत नाही. वसतिगृहातली पोरं रिकामी बसतील, तेही बरं नाही.

शेवटी मी असं लिहून पाठवलं: उद्या आणि परवा तास नकोत, गैरहजेरी कुणाचीच धरू नये. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वसतिगृहातल्यांसाठी उघडी ठेवावी, जवळ राहणाऱ्या आम्ही शिक्षकांनी तिथं थांबावं. बुडालेली प्रात्यक्षिकं पाणी उतरल्यावर दोन रविवारी घेऊ, माझ्या विभागाची जबाबदारी माझी. आणि काहीही ठरलं तरी निरोप आज रात्रीच जावा. सकाळी आठचा निरोप गगनबावड्याच्या मुलीला एसटीतच मिळतो.

प्राचार्यांचं उत्तर अजून नाही. चिखलीच्या पोराला मात्र मी कळवून टाकलं, म्हशी हलव, हजेरीचं मी बघतो.